चादर गेली तरी चालेल

हॉस्पिटलात सगळ्याच आयाबायांना मावशी म्हणतात. त्यामुळे परळच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी शांती मावशीला मावशी म्हटलं तर कुणाला काही वाटायचं नाही. पण ती माझी खरी मावशी. आईची मोठी बहीण. मी चार वर्षांचा असताना आई गेली, वडिलांनी गावी दुसरा संसार मांडला, आणि मावशीने मला डिलाईल रोडच्या तिच्या खोलीत आणलं. तिला मूल नाही. रघुकाका, तिचा नवरा, गिरणीचा संप चालू असताना काविळीने गेला. एवढंच मला माहीत होतं.

संपाआधी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, बॉबिनवर सूत भरायला, आणि काका लूमवर, म्हणजे मागावर. संपानंतर तिने खानावळीत चपात्या लाटल्या, मग हॉस्पिटलात लागली. पंचवीस-सव्वीस वर्षं तिथेच. इमानदार म्हणजे इतकी की ड्युटीवर पदराला लावलेली सेफ्टी पिन चुकून घरी आली तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन द्यायची. मी हसायचो. ती बोलायची, "पिन माझी नाय ना रे."

माझं शिक्षण बारावी. डिप्लोमाला तिने घातलं होतं, मी सोडला. पुढे जे शिकलो ते यूट्यूबवर आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तासन् तास उभं राहून. ठाकूरद्वारला तुळशीदास सरांची छोटी कंपनी आहे, वायरलेस ट्रॅकिंगची. ट्रकला जीपीएस, गोदामातल्या खोक्यांना टॅग, फॅक्टरीतली ट्रॉली आत्ता कुठल्या मजल्यावर आहे ते दाखवणारी सिस्टिम. मी तिथे टॅग चिकटवायला लागलो आणि दोन वर्षांत मला सरांपेक्षा जास्त कळायला लागलं. फुशारकी मारत नाही. तेच नडलं म्हणून सांगतोय.

हॉस्पिटलची ऑर्डर आली तेव्हा मी फुल खूश. चादरी ट्रॅक करायच्या होत्या. वर्षाला शेकडो चादरी गायब व्हायच्या. लॉन्ड्रीवाला वॉर्डवर ढकलायचा, वॉर्ड लॉन्ड्रीवर. आम्ही प्रत्येक चादरीच्या काठात टॅग शिवायचा ठरवला. बोटाएवढी राखाडी पट्टी, दोनशे वेळा धुतली तरी मरत नाही. त्यात बॅटरी नसते. रीडरने हवेतून लहर सोडली की तेवढ्यावरच ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. विचारलं नाही तर गप्प. वॉर्डाच्या दारांवर, लिनन रूमला, लॉन्ड्रीच्या गाडीजवळ आम्ही अँटेना लावले. कुठली चादर कुठल्या दारातून कधी गेली ते सगळं माझ्या लॅपटॉपवर.

एकच भानगड होती. चादरीवर माणूस झोपला की टॅग नीट वाचत नाही. माणसाच्या अंगात पाणी असतं, पाणी लहर पिऊन टाकतं. कामाला सुरुवात करताना मी हे सगळ्या आयाबायांना समजावलं होतं. सिस्टिम माझी, हॉस्पिटल माझ्या मावशीचं, आणि ती पहिल्या रांगेत बसून शेजारणीला कोपराने ढोसत होती. म्हणजे बघ, माझा झील. आमच्या मालवणीत झील म्हणजे मुलगा.

नंतर तिने मला लिनन रूममध्ये बाजूला घेतलं. हातात एक टॅग होता, तो तिने उलटासुलटा करून बघितला. चादर फाटली, जळली, कुठे गेली तर काय करायचं, असं तिने विचारलं. तिचं म्हणणं, गिरणीत मोडकी बॉबिन स्टोअरला दाखवल्याशिवाय नवी मिळायची नाही. मोडकं का असेना, ते आणून द्यायचं. इथे काय दाखवायचं?

मी घाईत होतो. वर शायनिंग मारायची सवय. बोललो, "मावशी, चादर गेली तरी चालेल. टॅग सांभाळ म्हणजे झालं."

ती मान हलवून गेली.

सहा महिन्यांत चादरी गायब होणं जवळजवळ बंद झालं. चोर पकडले म्हणून नाही, रीडर लागलाय म्हटल्यावर लोक आपोआप सुधारले. तुळशीदास सरांनी मला पेढे दिले. पण एक आकडा राहिला. पहिल्या चौदा महिन्यांत बेचाळीस चादरी. दुसऱ्या मजल्यावरच्या मेडिकल वॉर्डात आत जाताना दिसल्या, बाहेर पडताना दिसल्याच नाहीत. महिन्याच्या महिन्याला मी हातातला रीडर घेऊन बेडबेड फिरायचो, तिथेही नाहीत. आधी शेकडो जायच्या तेव्हा कुणी विचारत नव्हतं. आता बेचाळीसच, पण आता त्या दिसत होत्या. न दिसणाऱ्या दिसत होत्या, असं म्हणा. ॲडमिन साहेब दर मीटिंगला त्याच आकड्यावर बोट ठेवायचे.

मी सरळ सांगू शकलो असतो की पेशंटच्या अंगाखाली टॅग वाचत नाही, थोडा फरक राहणारच. सर तेच बोल म्हणत होते. पण मला सुटत नव्हतं. हे कोडं मीच सोडवणार असं डोक्यात बसलेलं. मी प्रत्येक चादरीची शेवटची तारीख काढली, वॉर्डाच्या रजिस्टरशी लावून बघितली. तिसऱ्याच चादरीला माझ्या लक्षात आलं. ज्या दिवशी चादर गायब, त्या दिवशी वॉर्डात कुणीतरी गेलेलं. बेचाळीसच्या बेचाळीस.

मीटिंगमध्ये मी हे स्क्रीनवर दाखवलं तेव्हा माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होतं. बॉडीबरोबर चादर जाते, मी सांगितलं. नियम असा होता की बॉडी देताना हॉस्पिटलची चादर काढून घ्यायची, नातेवाइकांनी आपलं कापड आणायचं. म्हणजे कुणीतरी चादर देत होतं, आणि दाराच्या आधी टॅग काढत होतं. दारावर टॅग वाचला जातो हे माहीत असणारं कुणीतरी. स्टाफमधलं.

साहेब बोलले, "गुड. शोधा."

विचार करा, मला तेव्हाही सुचलं नाही. मावशी त्याच वॉर्डात आहे हे मला माहीत होतं. पण ती आणि चोरी हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी शेजारी आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सिक्युरिटीचा माणूस, मेट्रन कौसल्या सिस्टर आणि मी, असे तिघं निघालो. माझ्या हातात रीडर. त्याला शोधायचा मोड असतो, टॅगच्या जवळ गेलं की बीप भराभर वाजतो. वॉर्डबॉयच्या खोलीत काही नाही. पॅन्ट्रीत नाही. मग वॉर्डाच्या आतलीच आयाबायांची खोली. तिथे जुनं लाकडी फडताळ आहे, प्रत्येकीला एक कप्पा. मी मावशीचा कप्पा मुद्दाम शेवटी ठेवला होता. तिथे नुसता रीडर दाखवायचा आणि निघायचं.

तिथेच बीप सुरू झाला.

आधी एक, मग धाडधाड. स्क्रीनवर नंबर चढायला लागले. मला ते नंबर पाठ होते, महिनाभर मी तेच बघत होतो. एकाचे शेवटचे तीन आकडे चारशे सतरा. दुसऱ्याचे पाचशे चौसष्ट. बटण दाबून रीडर बंद करता आला असता. पॉवर कमी केली असती तर बीप थांबला असता, ते एका अंगठ्याचं काम होतं. सिक्युरिटीवाला माझ्या खांद्यावरून बघत होता. मी उभा राहिलो.

मावशी वॉर्डात कुणाला तरी अंग पुसून देत होती. तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, आम्हाला बघितलं, माझ्या हातातला रीडर बघितला, आणि तिचा चेहरा एकदम सुटला. म्हणजे घाबरला नाही. सुटला. बरं झालं आलात, असा. कप्प्यात मागे हात घालून तिने लोणच्याची प्लास्टिकची बरणी काढली आणि माझ्या हातात दिली.

"हे घे. सगळे आसत. एक पण हरवलो नाय."

बरणीत टॅग होते. प्रत्येकाला दोऱ्याची गाठ. काहींना पांढरा दोरा, काहींना हिरवा. कौसल्या सिस्टरनी विचारलं की हे दोरे कसले. मावशीने सांगितलं, पांढरे पुरुषमाणसांचे आणि विधवांचे, हिरवे सवाष्णींचे. जसं आपण औषधाच्या गोळीचा रंग सांगतो तसं. गाठ एवढी बारीक होती की बोटाला लागत नव्हती. वाइंडिंग खात्यातली गाठ, तुटलेला धागा जोडायची. लहानपणी माझ्या शर्टाच्या बटणांना ती हीच मारायची.

ॲडमिन साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही पाच जण. साहेब, कौसल्या सिस्टर, तुळशीदास सर धावत आलेले, मी, आणि मावशी उभी. खुर्ची होती, ती बसली नाही.

साहेबांनी विचारलं, तिने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं तिच्या लेखी काही नव्हतंच. बाहेरगावचे लोक असतात, साहेब. बुलढाण्याचे, बिहारचे. इथे कापड कुठे मिळतं त्यांना ठाऊक नसतं. कुणाकुणाचं तर कुणीच नसतं. बॉडी लुंगीवर नाहीतर प्लास्टिकात देतात. म्हणून दिली. तीही नवी नाही दिली कधी, धुऊन विरलेली बघून दिली. आणि टॅग काढून ठेवला, कारण टॅग हॉस्पिटलचा.

साहेब बोलले की टॅग काढला म्हणजेच लपवायचं होतं.

तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं. आरोप केल्यासारखं नाही. दुकानात आपण सांगतो ना, ह्याच्याकडे विचारा, ह्याला माहितीये, तसं. "नाय ओ साहेब. ह्याका विचारा. माझ्या झिलानच सांगल्यान, चादर गेली तरी चालात, टॅग सांभाळ म्हणान."

सगळे माझ्याकडे वळले.

साहेबांनी विचारलं, "तू असं सांगितलं होतंस?"

मी सरांकडे बघितलं. सरांची मान किंचित हलली. नाही म्हण. मला कळत होतं काय होईल. हो म्हटलं तर काँट्रॅक्ट जाणार, मी जाणार. मावशी-भाचा मिळून करत होते असं होणार. आणि हेही कळत होतं की हो म्हटलं तर तिचं नाव वाचेल. दोन्ही एकाच वेळी कळत होतं, म्हणून मला कळलं नाही असं मी कधीच म्हणू शकत नाही.

"नाही सर," मी बोललो. "असं मी काही बोललो नाही."

मावशीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग ती साहेबांकडे वळून बोलली, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली आसतली, साहेब. पोरगो कामाचो आसा. त्येका काय बोलू नका."

रिटायर व्हायला तिला आठ महिने होते. कौसल्या सिस्टर तिच्या बाजूने बोलल्या, पोलिसात देऊ नका म्हणून. मग कागद झाला. स्वतःहून नोकरी सोडते, त्यावर कारणाच्या रकान्यात साहेबांनी सामानाची चोरी असं लिहायला लावलं. मावशीला वाचता येतं, हळूहळू. तिने तो कागद सगळा वाचला. चोरी शब्दावर बोट थांबलं, पुढे सरकलं, आणि तिने सही केली.

संध्याकाळी सातच्या सुमारास मी घरी गेलो. ती भात टाकून बसली होती. वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं, माझ्या आवडीचं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बोलत होती ते नळाच्या पाण्याबद्दल.

मीच विचारलं शेवटी. टॅग का काढलास? चादर द्यायची तर तशीच द्यायची होती, दारावर वाचला असता, मी मशीनची चूक म्हणून सोडून दिलं असतं.

तिने आपलं ताट पुसून बाजूला ठेवलं. मग सांगितलं. आधी कधीच सांगितलं नव्हतं.

रघुकाका गेला तेव्हा संपाला पावणेदोन वर्षं झाली होती. चाळीत सगळेच गिरणीवाले, कुणाच्याच घरात काही नव्हतं. काका अकरा वर्षं लूमवर होता, लाँगक्लॉथचं पांढरं कापड विणायचा. त्याच्या हातून किती कापड गेलं असेल, वार मोजले तर परळपासून गावापर्यंत अंथरता आलं असतं, असं तो मजेत म्हणायचा. त्याच्या अंगावर घालायला कापड नव्हतं. कोरं सोड, धड जुनंही नव्हतं. गणपती नुकतेच होऊन गेले होते, मंडपाचं कापड अजून डेकोरेटरला परत गेलं नव्हतं. चाळीतल्या पोरांनी त्यातलं एक आणलं. गुलाबी आणि पिवळ्या पट्ट्यांचं. सुतळी बांधल्याच्या सुरकुत्या तशाच. आणि कोपऱ्यावर डेकोरेटरने मालाची खूण म्हणून काळ्या रंगात नंबर घातलेला. सतरा.

"तो कोपरो नेमको छातीवर इलो," ती बोलली. "माका तो कापूचो होतो. कात्री मागली मी. त्या गडबडीत कुणी दिली नाय. तसोच गेलो तो, सतरा नंबर घेऊन."

मग ती उठली आणि माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

"माणूस जाताना त्येच्या अंगार नंबर नको रे, लहू."

मला बोलायचं होतं. मी सांगितलं होतं ते, मी बोललो होतो, उद्या जाऊन साहेबांना सांगतो. तोंडापर्यंत आलं होतं. ती बोलली, जेव, गार होतंय. आणि मी जेवलो.

उद्याला गेलो नाही. परवाही नाही.

बरणीतले टॅग वाया घालवायचे नाहीत म्हणून सरांनी नव्या चादरींना शिवून घेतले. दोरे कापले ते मीच, कटरने, बेचाळीस. आता मी वॉर्डाच्या दाराशी बसलो की स्क्रीनवर चारशे सतरा जाताना दिसायचा. कुणीतरी नवा पेशंट त्यावर झोपायला चाललेला. तो टॅग हिरव्या दोऱ्याचा होता. बाई कोण होती, हे मावशीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

गायब चादरींचा आकडा शून्यावर आला. सरांनी त्याची स्लाइड केली. लोअर परळच्या एका हॉटेलात गोदामवाल्यांचं, कारखानेवाल्यांचं संमेलन होतं, तिथे मला स्टेजवर उभं केलं. बेचाळीसवरून शून्य. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी विचारलं की आकडा कसा उतरला. मी सांगितलं, आतला माणूस होता, सापडला.

मावशी त्यानंतर हॉस्पिटलच्या रस्त्याने गेली नाही. बाजाराला जायचं तर लांबून वळसा घालायची. पाय दुखायचे तरी. चाळीत कुणी विचारलं लवकर कशी रिटायर झालीस, तर म्हणायची, बस झालं आता, झील कमावतो. माझा डबा रोज करायची. मी एक दिवस चिडून बोललो की नको करू, मी बाहेर खाईन. तिला वाटलं जेवण आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने दोन भाज्या दिल्या.

नोकरी सुटल्यावर चौदा महिन्यांनी मावशी गेली. सकाळी, चहा ठेवता ठेवता. मी मोरीत दात घासत होतो. गॅस चालू होता आणि भांडं करपल्याचा वास आला म्हणून मी बाहेर आलो.

कौसल्या सिस्टर आल्या होत्या. रिटायर झाल्यात त्याही. चाळीच्या जिन्यात उभ्या होत्या, मी खाली उतरत होतो. मी त्यांना थांबवून सांगितलं. मीच बोललो होतो सिस्टर. चादर गेली तरी चालेल, टॅग सांभाळ. माझेच शब्द होते ते.

त्या जराही चकित झाल्या नाहीत. "ठाऊक होतं रे तेव्हाच," त्या बोलल्या. "तिला खोटं बोलता येत नव्हतं." मग जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता मला सांगून काय? तिथे बोलायचं होतंस."

मी खाली गेलो. भोईवाड्याला स्मशानाजवळ सगळं सामान मिळतं त्या दुकानात गेलो. मडकं, बांबू, सुतळी, कापड. दुकानदाराने विचारलं बाई की पुरुष, सवाष्ण की कशी. मी सांगितलं. त्याने मांजरपाटाचं ठाण उलगडलं, मोजून फाडलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. कोरं करकरीत. खळीचा वास.

घरी आणून आम्ही ते तिच्यावर घातलं, आणि तेव्हा मला दिसलं. ठाणाचा शेवटचा तुकडा आला होता. काठावर निळ्या शाईत शिक्का. कुठल्या तरी लांबच्या गिरणीचं नाव, खाली लॉट नंबर. सात आकडी.

तो नेमका छातीवर नव्हता. पायाशी होता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. माणसं घाई करत होती, गाडी खाली उभी होती, कुणीतरी बोललं चल रे लहू, उचलू या.

मी थांबा म्हटलं. कात्री माझ्या खिशात होती, सकाळपासून. तिच्याच शिवणाच्या डब्यातली.

सरळ कापलं गेलं नाही. काठ वेडावाकडा झाला. तिला आवडला नसता. पण नंबर निघाला.